क्लीनरची सीट

१२ ऑक्टोबर

वहिनी,

नुसतंच ‘वहिनी’ लिहिलंय. आधी ‘सौ.’ लिहायला घेतलं आणि पेन अडलं. लिहावं तर तू म्हणशील, तुझ्या भावाने त्या अक्षराची काय लाज राखली ते दिसलंच. न लिहावं तर आई खांद्यावरून वाचतेय.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या बहिणीच्या गावाकडे माल घेऊन निघालेल्या एका ड्रायव्हरच्या हाती देतेय. न वाचता फाडायचं असेल तर त्याच्यासमोर फाडू नकोस. इथे येऊन चार जणांना रंगवून सांगेल.

पोलिसांनी ट्रक सोडला. एप्रिलपासून ठाण्याच्या आवारात उभा होता. टायर बसलेत, आरशामागे कोळ्यांनी संसार थाटलाय. मी हवा भरली, बॅटरी लावली, हँडपंपाने डिझेल वर चढवलं आणि चावी फिरवली. लगेच सुरू झाला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तर असा पळाला की मला वाटलं, याला काही झालेलंच नाही. पण गॅरेजच्या दारात येऊन अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि आवाज खाली-वर व्हायला लागला. जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागते ना, तसा. मग एक मोठा झटका दिला आणि बंद.

दादा जाण्याआधी हेच सांगत होता. “स्लोला दगा देतेय गं. फेरीवरून आलो की बघ जरा.” मी म्हटलं, आण, बघते. तो आलाच नाही, ट्रक आला.

तुझा निरोप मिळाला, ‘विकून टाका, मला त्यातलं काही नको.’ विकू. पण स्लोला उभा न राहणारा ट्रक कोण घेणार? आधी दुरुस्त करते.

एक गोष्ट मात्र डोकं खातेय. दगडखाणीच्या त्या वॉचमनचा जबाब आठवतो? खाण बंद आहे, माणूस फिरकत नाही. तो म्हणाला, दुपारी डबा खायला बसलो तेव्हा खाली काठावर ट्रक उभा होता आणि इंजिन चालू होतं, अगदी एका लयीत. डबा संपला, हात धुतले, जरा आडवा झालो, तरी चालूच. कुणी उतरेना म्हणून खाली गेलो, दार उघडलं, तर आत कुणी नाही. आणि मी बघतोय तोवर इंजिन आपोआप गप झालं.

फौजदार म्हणाले, डिझेल संपलं असेल. टाकी अर्धी भरलेली होती, अजून आहे.

हा ट्रक पायाशिवाय स्लोला टिकत नाही, वहिनी. मग त्या दुपारी पाय कुणाचा होता?

आईने ट्रकच्या दारावरची धूळ पदराने पुसली. म्हणाली, “गाडी आली. आता येईलच.”

तुझी नणंद


१९ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तर नाही आलं. हरकत नाही. ड्रायव्हर म्हणाला, पत्र हातात घेतलं आणि आत गेल्या. फाडलं नाहीस एवढं कळलं.

ट्रकने मला पार रडवलंय. शेजारणीच्या मशीनवर शिवताना दोरा सारखा तुटायला लागला की तू कशी आधी सुई बघायचीस, मग बॉबिन, मग ताण, एकेक करून? तसंच मी चाललेय. फिल्टर बदलले. टाकी उतरवून धुतली. नोजल काढून तपासले, सगळे फवारा नीट मारतात. पंपालाही दोष नाही. सगळं परत जोडलं, चालू केलं, पाय काढला. धाप, धाप, झटका, बंद.

मग पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, म्हणजे डिझेल जाताना दिसावं. दिसलं. बुडबुडे! कुठूनतरी हवा ओढली जातेय. डिझेल बाहेर गळत असतं तर डाग पडला असता, बोट लावून सांगितलं असतं. ही चीर आत ओढणारी, ती डाग ठेवत नाही. गाडी वेगात असते तेव्हा पंप एवढं डिझेल खेचतो की चार बुडबुड्यांचं त्याला काही वाटत नाही. स्लोला मात्र एकेक बुडबुडा घशात अडकतो.

संबंध पाइप हाताने चाचपला. कुठे सापडेना.

काल हॉर्नकाका आले. त्यांचं नाव काढलेलं तुला चालत नाही, माहीत आहे. ‘मी त्याला खाणीच्या रस्त्याला पाहिलं, शेजारी बाई होती,’ हे त्यांनीच आपल्या फेरीवरून येऊन चहाच्या टपरीवर सांगितलं, तिथून ते तुझ्यापर्यंत आलं आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. मीही बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. पण म्हातारा माणूस, दारात येऊन उभा राहिला, हाकलू कसा?

मी ड्रायव्हरच्या सीटवर होते. ते डावीकडून चढले आणि क्लीनरच्या सीटवर ऐसपैस बसले. दादाने कधी क्लीनर ठेवला नाही, तरी आपण तिला क्लीनरची सीटच म्हणतो. बसले आणि सुरू झाले. गुडघे, सून, रस्त्यातले खड्डे. मी हं हं करत होते. मधेच माझ्या लक्षात आलं की मी पाय केव्हाच काढलाय आणि इंजिन चालू आहे. एका लयीत.

उतरून नळी पाहिली. एकही बुडबुडा नव्हता.

मी म्हटलं, “काका, जरा खाली उतरता?”

आई जेवायला हाक मारतेय. बाकी सगळं ठीक.

तुझी नणंद


२३ ऑक्टोबर

वहिनी,

माझंच पत्र परत पाठवलंस आणि मागे एवढीच ओळ, ‘काका उतरले तेव्हा काय झालं?’

तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे कठीणच आहे.

काका उतरले आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं. पुन्हा बसवलं, चालू केलं, तर लयीत. पुन्हा उतरवलं, तर बंद. काका म्हणाले, “माझ्या वजनावर चालते होय ही?” आणि हसले. मला हसू आलं नाही.

मग कारण सापडलं. क्लीनरच्या सीटखाली पत्रा गंजून खचलाय. त्याच्या खालून डिझेलचा पाइप जातो, तिथे क्लिपजवळ केसाएवढी चीर आहे. सीटवर वजन आलं की पत्रा दबतो, पाइपला टेकतो आणि चीर मिटते. वजन उठलं की उघडते. खात्रीसाठी सीटवर एका जुन्या इंजिनाचं जड फ्लायव्हील ठेवून पाहिलं, तरी चालतो. म्हणजे भुताटकी नाही, गंज आहे.

मला हे तुला सांगायचं नव्हतं, कारण यापुढचं तुला माझ्याइतकंच कळेल. वॉचमनचा डबा संपेपर्यंत ट्रक लयीत चालत होता. म्हणजे त्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं. त्याने दार उघडलं आणि इंजिन गप झालं. म्हणजे बसलेलं कुणीतरी तेव्हा उठलं.

काकांना पुन्हा खोदून विचारलं, नक्की काय पाहिलंत? ते म्हणाले, “शपथेवर सांगतो, डोक्यावरून कापड घेतलेलं होतं. मान खाली. मी एवढा मोठा हॉर्न दिला, तुझ्या दादाने हात केला, पण ती हलली नाही. गाडी खड्ड्यात आपटली तरी तिची मान तश्शीच.” सांगताना त्यांचा स्वर बदलला. “तेव्हा नाही वाटलं काही. आता वाटतं. जिवंत माणूस इतकं स्थिर बसत नाही गं.”

आज दुपारची गोष्ट सांगते. हे सांगू की नको असं फार झालं, पण आता लपवाछपवी नको.

आई रोज दुपारी जाऊन त्या सीटवर बसते. मी ट्रकखाली काम करत असते, इंजिन चालू असतं, आणि ती दादाशी बोलते. हळू, मला ऐकू येणार नाही असं. आजही मी खाली आडवी होते. इंजिन कितीतरी वेळ लयीत चाललं होतं. माझा पाना निसटला आणि बोट सोललं, म्हणून वैतागून ओरडले, “आई, किती वेळ बसणार आहेस? खाली उतर आता!”

आईने उत्तर दिलं, “काय गं?”

स्वयंपाकघरातून.

मी पाइपकडे पाहत होते. पत्रा टेकलेला होता, वहिनी. फ्लायव्हील मी आदल्या दिवशीच उतरवून कोपऱ्यात ठेवलंय. मग पत्रा हळूच वर उचलला गेला. घाईने नाही. उठताना आपण सीटला हात टेकतो आणि मग उठतो ना, तसा दोन टप्प्यांत. इंजिन बंद पडलं.

बाहेर आले तेव्हा दोन्ही दारं बंद होती. सीटवर हात ठेवून पाहिला. थंड होती.

पत्रा तापला की प्रसरण पावतो, निवला की आखडतो. कारण हे असू शकतं. मी स्वतःला हेच सांगितलंय आणि तुलाही हेच सांगतेय.

परवा खाणीवर जाते, ट्रक घेऊनच. वॉचमनला विचारायचंय, दार उघडलंस तेव्हा कोण उठलं?

तुझी नणंद


२६ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र बसून वाच. जवळ बहीण असली तर बरं.

काल दुपारी खाणीवर पोचले. उंच कापलेल्या दगडाच्या भिंती, मधे पाणी. हिरवंकाळं, हलत नाही. पक्षी नाही, काही नाही. मातीचा रस्ता काठापर्यंत उतरतो, तिथेच त्याचा ट्रक सापडला होता. मीही तिथेच उभा केला. पाय काढला, गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन चालू ठेवून खाली उतरले. मला ठाऊक होतं, चार पावलं जाईपर्यंत बंद पडेल.

बंद पडलं नाही.

मी पाण्यापर्यंत गेले. मागे इंजिन एका लयीत. वळून पाहिलं. काचेवर उन्हाची तिरीप होती, आतलं दिसत नव्हतं. परत जाऊन बघायचं एवढंच करायचं होतं, पण मी पाण्याकाठीच उभी राहिले. गॅरेजमध्ये एवढी इंजिनं ऐकली, पण नीट चालणाऱ्या इंजिनाची भीती पहिल्यांदाच वाटली.

तेवढ्यात वरून धावत माणूस आला. वॉचमन. वाटेतच थबकला. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघतच नव्हता, ट्रककडे बघत होता.

“बंद करा ताई,” म्हणाला. “पाया पडतो, बंद करा ती.”

मी म्हटलं, “आधी सांगा, त्या दिवशी आत कोण होतं?”

“कुणी नव्हतं.”

“मग चालू कशी होती? त्या सीटवर वजन असल्याशिवाय ही चालत नाही.”

तो डाव्या दाराशी गेला, पायरीवर चढून आत डोकावला आणि तसाच मागे सरून खाली बसला. सीट रिकामी होती. इंजिन चालूच होतं. त्याने दोन्ही हातांनी कान झाकले आणि म्हणाला, “देतो. परत देतो. जो कुणी आहे त्याला म्हणावं, देतो परत.”

“काय परत देता?”

“मशीन.”

वहिनी, त्या सीटवर शिलाई मशीन होती.

पायमशीन, ओतीव लोखंडाच्या पायांची. हौद्यात खडीने ओरखडे पडू नयेत म्हणून दादाने ती सीटवर ठेवून दोराने आवळली होती आणि वरून चादर पांघरली होती. हॉर्नकाकांनी पाहिलेली मान खाली घातलेली बाई ती हीच. वॉचमनने दार उघडलं, हाक मारली, वाट पाहिली. कुणी आलं नाही. त्याला मोह झाला. दोर सोडला, मशीन खाली उतरवली. ती उतरली तसं इंजिन गडबडलं आणि गप झालं. तो म्हणाला, “मी हात लावला आणि गाडीने श्वास सोडला, ताई. तेव्हापासून मला झोप नाही.” मग पोलीस आले, बाईची गोष्ट पसरली आणि त्याने तोंड शिवून घेतलं.

इंजिन केव्हा थांबलं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. कधीतरी शांत झालं होतं, एवढंच.

त्याच्या खोलीवर गेले. त्याची बायको मशीनवर मुलीचा फ्रॉक शिवत होती. मला पाहून उठली, काही न विचारता मशीनवरचं कापड काढायला लागली. म्हणाली, “चांगली आहे, पण पायाला वाकडी लागते. पेडल कुणीतरी तिरकं केलंय.”

मी खाली वाकून पाहिलं. पेडलवर ट्रकच्या रबरी मॅटचा तुकडा कापून बसवलाय. उजवीकडे पातळ आणि डावीकडे जाड, एकावर एक तीन थर, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. तुझा डावा पाय बोटभर आखूड आहे हे जगात किती जणांना ठाऊक आहे?

तो कुणाबरोबर पळून चालला नव्हता, वहिनी. घरी येत होता.

मग मी ट्रकमध्ये पाण्याचा कॅन शोधला. सीटमागे नेहमी असतो, निळा, गळ्याला दोरी बांधलेला. तो तिथे नाही. ट्रक ताब्यात घेतला तेव्हाही नव्हता, मी ठाण्यात विचारून आले. रेडिएटरमधलं पाणी आटलं असणार. गरम इंजिन एकदम बंद करायचं नाही, हे मला त्यानेच शिकवलं. शिवाय ही गाडी बंद केली की हँडपंप मारत बसावं लागतं. आणि त्या दिवशी ती स्लोला छान चालत होती, मशीनच्या वजनामुळे. त्याने म्हटलं असेल, चालू राहू दे, पाणी घेऊन आलोच.

काठावर दगडाची भुकटी आहे. पाय टिकत नाही. मी स्वतः दोनदा घसरले.

फौजदारांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावला. उद्या पाणबुडे येतील.

तुझी नणंद


२८ ऑक्टोबर

वहिनी,

सापडला.

कॅनची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. यापुढचं लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, थांबता येईल, घाई नाही. तू येईपर्यंत काही करणार नाही. आईचंही तेच म्हणणं. तिने तुझ्या खोलीची खिडकी उघडली, गादीवर धुतलेली चादर घातली. तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा दारात तुला काय काय बोलली होती ते तिला पाठ आहे, आणि ते तीच तुला सांगेल. मी मधे पडत नाही.

मशीन आणलीय. वॉचमनची बायको रडत नव्हती, पण अर्धवट फ्रॉक हातात घेऊन दारात उभी होती. तुझ्या वतीने मी तिला काही कबूल केलेलं नाही. ते तुझं तू ठरव.

हॉर्नकाका दोन दिवस आमच्या ओट्यावर बसून आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती पाठवतेय, त्यांनी मागून घेतलं. दार उघडशील तेव्हा ते मान खाली घालून उभे असतील. पाणी विचार, एवढं पुरे.

परवा सकाळी मी स्वतः तुला न्यायला येते. ट्रक घेऊन. काकांचा पुतण्या म्हणत होता, छोटी गाडी देतो, आरामात या. नको म्हटलं.

पाइप अजून बदललेला नाही. नवा आणून ठेवलाय, हाताच्या अंतरावर आहे, तासाचं काम. काल पाना लावला होता. आई दारात येऊन उभी राहिली. “नको एवढ्यात,” म्हणाली. “बदललास की कुणी बसलं असो-नसो, सारखीच चालेल. मग आपल्याला कळणार कसं?” मी पाना खाली ठेवला. विकायचा की नाही, आणि पाइप कधी बदलायचा, ते तू सांगशील तसं.

मी गंजावर, बुडबुड्यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे. खाणीवर रस्त्याचा उतार होता, उतारावर ट्रक झुकतो, पत्रा टेकू शकतो. परत जाऊन मोजता आलं असतं. गेले नाही.

तुझ्या दारात आले की हॉर्न देणार नाही. इंजिन चालू ठेवून उतरेन आणि जिन्याखाली उभी राहीन. तू खाली ये. दोघी जरा वेळ ऐकू. बंद पडलं तर मी पुन्हा सुरू करीन आणि आपण निघू.

नाही पडलं तर घाबरू नकोस. बॅग माझ्याकडे दे आणि डावीकडून चढू नकोस. माझ्या बाजूने चढ. मधे इंजिनाच्या पेटीवर उशी टाकून ठेवलीय, जरा गरम लागेल, पण तिथे बस.

तुझी नणंद